जिंगदेझेनचा मासा

आधीच सांगते, ही 'मुलांसोबत चीन, आठ दिवसांत काय काय बघाल' टाइप पोस्ट नाहीये. शांघाय छान झालं, हांगझोचं तळं छान झालं, धाकटा शांघायच्या गर्दीत दोन मिनिटं हरवला आणि सापडला, विषय संपला. मला लिहायचंय ते जिंगदेझेनबद्दल, आणि तिथून आणलेल्या एका बशीबद्दल, जी आता आमच्या शोकेसमध्ये आहे आणि मी तिच्याकडे शक्यतो बघत नाही.

जिंगदेझेन म्हणजे आपण आजीच्या लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची म्हणतो ना, त्या चिनी मातीचं माहेर. केओलिन हे मातीचं नावसुद्धा जवळच्या गाओलिंग गावावरून पडलंय. १००४ साली सोंग सम्राटाने आपल्या कारकिर्दीला जे नाव घेतलं, जिंगदे, तेच या गावाला दिलं, इतकं इथल्या भांड्यांचं कौतुक. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब पण निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे आहेत, धाकट्याने स्टेशनपासून हॉटेलपर्यंत ते मोजले आणि चाळीसनंतर झोपला.

आमची चूक अशी की आम्ही १ मेला पोचलो. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, मुलांना सुट्टी, नवऱ्याला लागून शनिवार-रविवार, एवढाच विचार केला. पण चीनमध्ये तेव्हा कामगार दिनाची चांगली पाच दिवसांची सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला निघतो हे तिथे उतरल्यावर कळलं. हॉटेलचं भाडं ऐकून नवरा दोन मिनिटं फोनकडे नुसता बघत बसला.

ताओशीचुआन नावाचा भाग आहे, जुनी भांड्यांची फॅक्टरी, विटांच्या चिमण्या तशाच ठेवून आत स्टुडिओ, कॅफे, दुकानं. तिथे 'मुलांनी स्वतः वाटी बनवा' अशी पाटी बघून आत शिरलो. माणशी ९८ युआन. लेक नऊ वर्षांची, दरवर्षी शाडूचा गणपती करते, त्यामुळे तिचा आव असा की हे काय, येतंच आपल्याला. पण ही माती शाडू नव्हेच. पांढरीशुभ्र, नीट निथळलेल्या चक्क्यासारखी मऊ, आणि जरा जास्त दाबली की गपकन बसते. तिची एकदा बसली. लगेच तिथल्या दादाने तिचे हात आपल्या हातात धरले, चाक फिरलं, अर्ध्या मिनिटात वाटी वर आली, काठ गोल झाला, "फोटो, फोटो!", झालं. शेजारच्या सहा चाकांवर सहा मुलांच्या सहा वाट्या, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या, आणि सहा आईबाप मोबाइल धरून उभे.

लेक म्हणाली, "ही माझी नाहीये. मी फक्त हात दिले."

वर काउंटरवर कळलं की वाटी वाळणार, मग तासणार, मग भाजणार, दोन-तीन आठवडे, आणि कुरिअर फक्त चीनमध्ये. आम्ही विचारलंच नव्हतं. वाटी तिथेच राहिली. तिला काही वाटलं नाही, मलाच त्या ९८ युआनचं वाटत राहिलं.

दुपारी शाही भट्टीचं म्युझियम बघितलं. तिथे फुटलेली भांडी जोडून ठेवलीयेत. मिंग काळात सम्राटासाठी केलेल्या भांड्यात जरा खोट निघाली की फोडून पुरून टाकायचे, दुसऱ्या कुणाच्या घरात जायला नको म्हणून. लेकीला हे अजिबात पटलं नाही. "एवढंसं चुकलं म्हणून फोडलं?" तोपर्यंत मी पण तिच्याच बाजूची होते, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत एक म्हातारी बाई दारातच बसून बश्या रंगवताना दिसली. पाटी नाही, काही नाही. फोनच्या ॲपवरून विचारलं, मुलं रंगवू शकतील का. तिने दोन स्टूल पुढे सरकवले. आम्ही तिला काय म्हणायचं विचारलं तर म्हणाली, "आयी". चिनीत मावशी-काकूला तसंच म्हणतात. लेक माझ्याकडे बघून, "आई म्हणू तिला?" मग दोन तास दोन आई.

बशी कच्ची होती, म्हणजे भाजलेली नाही, नुसती वाळलेली, खारी बिस्किटासारखी, काठाला धरलं तर तुकडा हातात. रंग चहाच्या पाण्यात कालवलेला आणि दिसायला राखाडी-काळा. "निळा कुठंय?" आयीने एक भाजलेली बशी शेजारी ठेवली, भट्टीकडे बोट दाखवलं. ब्रश टेकला की माती पाणी पिऊन टाकते, रेघ तिथेच थांबते, पुढे ओढता येत नाही. लेकीने मासा काढायला घेतला आणि एकेका खवल्याला ब्रश नव्याने बुडवत राहिली. आयीने एकदाही हात लावला नाही. हात मांडीवर, मधून मधून धाकट्याच्या काळ्या गोळ्याकडे (त्याच्या मते ट्रेन) बघून मान डोलवायची. पहिल्या दिवसाच्या त्या दादानंतर मला या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं.

मग लेकीला टॉयलेटला जायचं झालं, ते लांब, सुट्टीची गर्दी, नवरा दोन्ही मुलांना घेऊन गेला. माशाची शेपटी राहिली होती, म्हणजे होती, पण मोडक्या केरसुणीसारखे दोन फराटे. मी ब्रश उचलला. नुसतं जोडून घेऊ म्हणून. एक रेघ, मग ती बरी दिसेना म्हणून दुसरी, मग छान गोलाई देऊन आत रंग भरला. आयीने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. थर्मासमधून स्वतःला पाणी ओतून घेतलं.

लेक आली तेव्हा आयीने बशी उचलून वरून पांढरं ग्लेझ, म्हणजे चकाकीचा लेप, फवारलं, आणि चित्रच गेलं! पूर्ण पांढरी बशी, मासा नाही, शेपटी नाही. लेक रडवेली झाली. मी मनात म्हटलं चला, पुरावा गेला.

मधले दोन दिवस थंड राइस नूडल्स आणि घाम यात गेले. नूडल्स अशा तिखट की कोल्हापूरच्या सासऱ्यांची आठवण झाली, मुलं दोन्ही दिवस नुसत्या भातावर. निघायच्या सकाळी बशी घ्यायला गेलो. भट्टीत तेराशे डिग्रीच्या आसपास तापवतात, त्यात माती आक्रसते, त्यामुळे बशी दिलेली त्यापेक्षा चांगलीच लहान झाली होती, आणि ग्लेझ काचेसारखं पारदर्शक होऊन आत मासा निळा. खरंच निळा. लेकीचे खवले हलके, आभाळासारखे, कुठे दाट कुठे पुसट. आणि मागे शेपटी, गडद, जवळजवळ काळी, गुळगुळीत, दुसऱ्याच माशाची आणून चिकटवल्यासारखी. रंग जाड बसला की भट्टीत गडद होतो, हे मला कोण सांगणार होतं?

लेक बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "शेपटी तू काढलीस?"

मी म्हटलं, "भट्टीत होतं असं कधी कधी."

आयी हसली. तिला मराठी येत नाही, तरी हसली.

ट्रेनमध्ये मी सॉरी म्हणाले. लेक म्हणाली ठीक आहे, पण खिडकीकडे बघत म्हणाली, आणि बशी तिने माझ्या पर्समध्ये ठेवू दिली नाही, स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून पुण्यापर्यंत मांडीवर आणली.

गेल्या आठवड्यात माझी आत्या आली होती. लेकीने शोकेसमधून बशी काढून तिच्या हातात दिली. आता तिचं वाक्य पाठ झालंय, "मासा मी काढलाय, शेपटी आईची आहे." आत्याने चष्मा लावला, बशी उजेडात धरली आणि म्हणाली, "अगंबाई, शेपटी काय सुरेख आलीये!"

लेकीने बशी काढून घेतली आणि आत निघून गेली.