तो किल्ला खरा आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर माझ्या डीपीतला किल्ला बघून "सेट आहे का रे कसला?" म्हणणाऱ्यांना मी हल्ली नुसतं हसून सोडून देतो. सेट नाहीये हो. दक्षिण फ्रान्समधलं कार्कासॉन आहे ते. पण खरा आहे का म्हणाल तर... आहे आणि नाही.

मी आणि बायको तुलूज शहरातून कॅनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाकाठाने सायकलवर निघालो, साधारण १०० किलोमीटर, मध्ये कास्तेलनोदारीला मुक्काम. तिथे रात्री कासुले हाणलं, म्हणजे पांढरा घेवडा, बदक आणि सॉसेज घालून तासन्‌तास शिजवलेला प्रकार, आणि सकाळी पॅडल मारवेना. त्यात आदल्या दिवशीचा गुळगुळीत डांबरी ट्रॅक संपून मातीची वाट, झाडांची मुळं वर आलेली, आणि तोंडावर ऑतां नावाचा तिथला वारा. सपाटीवर घाट चढल्यासारखं.

कार्कासॉनला पोचलो तर किल्ला कुठेच नाही! समोर रेल्वे स्टेशन, बोटी, हॉटेलं. बायको म्हणाली, चुकीच्या गावात आणलंस. मग कळलं, गावं दोन आहेत, खालचं सरळ रेषांच्या गल्ल्यांचं आणि ओद नदीपलीकडे टेकडीवरचं. जुन्या दगडी पुलावर आलो आणि एकदम समोर अख्खा किल्ला, दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज. दोघंही गप्प.

आता मूळ प्रश्न. १६५९ च्या तहात स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि किल्ला निरुपयोगी झाला, पडझड झाली, लोकांनी दगड पळवले. एकोणिसाव्या शतकात तर पाडायचंच ठरत होतं, गावातल्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. मग १८५३ पासून व्हियोले-ल-द्यूक नावाच्या आर्किटेक्टने दुरुस्ती काढली आणि बुरुजांवर स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या काळ्या दगडाच्या, टोकदार छपरं चढवली, जी उत्तर फ्रान्सची स्टाइल, दक्षिणेत बसकी कौलं असतात. त्यावरून लोक अजून भांडतात.

गडावर सिमेंट दिसलं की ग्रुपवर सगळ्यात आधी शिव्या घालणारा मी, त्यामुळे मीही नाक मुरडलं. आणि संध्याकाळचं ऊन त्याच छपरांवर पडलं तेव्हा चाळीसेक फोटो काढले. डीपी त्यातलाच. म्हणजे तुम्ही ज्यावर संशय घेताय तो नेमका नंतर चढवलेला भाग आहे, नजर चांगली आहे तुमची.

सगळ्यात जुना माल बघायचा तर आतल्या तटाच्या पायथ्याशी रोमन काळातलं बांधकाम आहे, दगडांच्या थरांमधून विटांच्या लाल ओळी गेलेल्या. त्याचाही एक फोटो आहे माझ्याकडे. त्यात अर्धं बायकोच्या सायकलचं हँडल आलंय.