मी सांगेन तेव्हाच

"थांब. मी सांगेन तेव्हाच हात लाव."

आज कोलोरॅडोत, विंटर पार्कच्या उतारावर तो पडला आणि मी धावलो, तेव्हाचं हे वाक्य. माजी सैनिक, दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेलेले. मोनो-स्कीवर होता, म्हणजे एकाच स्कीवर बसवलेली खुर्ची. हातात आउटरिगर, टोकाला छोटी स्की असलेल्या कुबड्याच त्या. मागून दोर धरायला मी.

तो कुशीवर पडलेला. आउटरिगर बर्फात रोवला, निसटला. पुन्हा रोवला, पुन्हा निसटला. दाढीत बर्फ अडकलेला. माझे हात शिवशिवत होते. चौथ्यांदा उठला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चल."

मुरलीकांत पेटकर आठवले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण. त्यांनाही अशी किती माणसं सावरायला धावली असतील!

संध्याकाळी पुण्याला फोन केला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाबांना आम्ही पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो. ते काही बोलत नाहीत.

त्यांना आम्ही एकदा तरी विचारलंय का?