फतेगंजमधली प्रार्थनासभा आणि आमोस

आज फतेगंजला ओळखीच्यांकडे प्रार्थनासभा होती, तिथे एका मुलाने पाळकांना सरळ विचारलं, माझा कॅनडाचा व्हिसा होणार का, प्रभूकडून काही संदेश आहे का? पाळकांनी हो-नाही काहीच न म्हणता बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक उघडायला लावलं. इ.स.पू. 8 व्या शतकातला तकोवाचा मेंढपाळ, इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात जाऊन तिथल्या श्रीमंतांना तोंडावर सुनावतो की तुम्ही चपलांच्या एका जोडासाठी गरिबाला विकता, तराजूत खोट करता, देवाला तुमचे सण नि गाणी नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू दे. केवढी ही हिंमत! पुढे शिक्षा येणार हेही तो सांगतोच, पण लोकांनी वळावं, जगावं म्हणून.

मग प्रेषित पौलाचं करिंथकरांना पत्र, 1 करिंथ 14:3, देवाकडून आलेला संदेश असतो उन्नती, उत्तेजन आणि सांत्वनासाठी. थेस्सलनीकाकरांना तर पौल लिहितो की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या. हे पारखणंच आपण सोडलंय असं मला मनापासून वाटतं, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही ‘प्रभू म्हणतो’ लिहून तारखा देतं आणि आधीच काळजीत असलेली माणसं अजून घाबरतात.

त्या मुलासाठी सगळ्यांनी प्रार्थना केलीच. पुढच्या सभेत होशेय संदेष्ट्याचं पुस्तक घ्यायचं ठरलंय, ज्यांना जमेल त्यांनी वाचून या.