अनुस्वार दिसेल असा मॉनिटर

मी डोंबिवलीला घरी बसून मुद्रितशोधन करते. पूर्वी कागदावरची प्रुफं यायची, लाल पेन चालायचं. गेली काही वर्षं सगळं पीडीएफवर येतं, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास डोळे पडद्यावर. पडदा होता साडेअठरा इंची, जुना, १३६६ बाय ७६८ पिक्सेलांचा (पिक्सेल म्हणजे पडदा ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते). चालतोय तोवर चालू दे, असं करत दहा वर्षं काढली.

तो बदलायला लागला एका शाळेच्या स्मरणिकेमुळे. निवृत्त मुख्याध्यापकांवरचा लेख होता. त्यात ‘त्यांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी’ असं हवं होतं. छापलं गेलं ‘त्याच्या हाताखाली’. एक अनुस्वार पडला आणि माझ्या नजरेतून सुटला. सरांच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, “ताई, बाबांना कुणी अरेतुरे केलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.” मी माफी मागितली, पण प्रती वाटून झाल्या होत्या.

त्या रात्री तेच पान पुन्हा उघडलं. चूक कुठे आहे हे माहीत असूनही तो शब्द मला नीट वाचता येईना. १०० टक्क्यांवर १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर साधारण १६ पिक्सेलांत बसतं. त्यात शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि सगळ्यांत शेवटी अनुस्वाराला उरतात दोनेक पिक्सेल. ‘कार्यकर्त्यांनी’ हा शब्द बघा. रफार आणि अनुस्वार एकमेकांना इतके चिकटतात की दोन्ही आहेत की एकच, हे माझ्या जुन्या पडद्यावर ओळखताच येत नव्हतं. इंग्रजी वाचणाऱ्याला हा त्रास फारसा नाही. आपल्या लिपीत शिरोरेखेच्या वर एक अख्खा मजला आहे.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, सत्तावीस इंची घे, मोठं दिसेल.” मलाही पटलं होतं. मग वही काढून गणित मांडलं. बाजारातले बहुतेक स्वस्त मॉनिटर १९२० बाय १०८० चे असतात, मग ते २१.५ इंची असोत की २७ इंची. पिक्सेल तेवढेच, फक्त ताणून पसरलेले. माझ्या जुन्या पडद्यावर एका इंचात ८५ पिक्सेल होते. २७ इंचीत तेच पडतात ८२. म्हणजे पैसे खर्चून अक्षर आणखी भरड! २३.८ इंचीत सुमारे ९३ आणि २१.५ इंचीत १०२. सत्तावीस घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, त्यात १०९ मिळतात, पण तो माझ्या नऊ हजारांच्या हिशेबात बसणारा नव्हता.

२१.५ इंची सगळ्यांत रेखीव, हे खरं. पण त्याच्यावर सगळंच बारीक दिसणार आणि माझं वय बावन्न. २३.८ वर नक्की झालं ते एका वेगळ्याच कारणाने. त्याचा पडदा ५२.७ सेंटीमीटर रुंद आणि २९.६ सेंटीमीटर उंच. ए-फोर कागद २१ बाय २९.७. दोन पानं शेजारी-शेजारी, जवळजवळ खऱ्या मापात! वरच्या पट्ट्या थोडी जागा खातात, तरीही मूळ प्रत डावीकडे आणि दुरुस्त प्रत उजवीकडे ठेवून ओळीला ओळ लावता येते. हे काम मी वर्षानुवर्षं खिडक्या उघडझाप करत करत होते. इंचामागे आठच पिक्सेल वाढले, पण एकूण पिक्सेल साडेदहा लाखांवरून पावणेएकवीस लाखांवर गेले. एकच पान वाचायचं असेल तर दीडपट मोठं करूनही पूर्ण ओळ समोर राहते.

पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पटलाचा प्रकार (टीएन, व्हीए की आयपीएस) मात्र दुकानात जाऊनच ठरवायचा होता, म्हणून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. दादरला उतरून पूल ओलांडला, पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडली आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरले. पेनड्राइव्हवर माझी स्वतःची एक पीडीएफ नेली होती. त्यात एकाच पानावर ‘सर्वांत, कार्यकर्त्यांनी, तऱ्हा, शृंगार, उद्ध्वस्त, दीन-दिन, त्याचा-त्यांचा’ असे शब्द ९, ११ आणि १२ पॉइंटमध्ये लावले होते. दुकानातल्या पोराने डोंगरदऱ्यांचा रंगीत व्हिडिओ सुरू केला होता. मी म्हटलं, “हे बंद करा आणि माझं पान लावा.” त्याने लावलं, आणि मग तोही वाकून बघायला लागला. “मॅडम, असं कुणी बघत नाही.”

तीन मॉनिटर शेजारी लावले. सगळ्यांत स्वस्त होता तो टीएन पॅनेलचा. समोरून ठीक, पण मान जरा खाली-वर केली की पानाचा वरचा भाग काळपट आणि खालचा फिका. माझ्या घरचा जुनाही तसलाच होता, हे तेव्हा कळलं. व्हीए पॅनेलचा काळा रंग फार गडद आणि सुंदर. सिनेमा बघणाऱ्याने तोच घ्यावा. पण वर-खाली सरकवताना अक्षरांमागे हलकीशी सावली ओढल्यासारखी वाटत होती. आयपीएसवर पान कुठूनही सारखं दिसलं. पडदा चकचकीत नव्हता, त्यामुळे डोक्यावरची ट्यूबलाइट त्यात उमटत नव्हती. मेजरिंग टेप लावून उंची मोजली: २९.६. वाटाघाटी होऊन ८,२०० ला मिळाला, १८ टक्के जीएसटी धरून. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला आणि तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. वॉरंटी तीन वर्षं.

इथे माझ्याकडून एक गोष्ट राहिली. बघितलेला नग प्रदर्शनातला होता आणि मिळाला बंद खोक्यातला. तो मी उघडायला लावला, पडदा पेटवला, माझं पान पाहिलं आणि समाधान मानलं. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा असे कोरे पडदे एकेक करून बघायला हवे होते. पाच मिनिटांचं काम. दुकानात गर्दी होती, पोरगा घाई करत होता, मलाही गाडीची चिंता होती.

येताना मालडब्यातून आले. भाजीच्या टोपल्यांमध्ये खोकं उभं धरून.

घरी आल्यावर वाटलं, आता झालं. पण पहिल्या दिवशी अक्षरं दुकानातल्यापेक्षा वाईट दिसत होती. मी जुनीच निळ्या टोकाची व्हीजीए केबल जोडली होती. ती अॅनालॉग, पिक्सेलचा हिशेब मॉनिटरला अंदाजाने करावा लागतो, म्हणून प्रत्येक कान्याच्या उजवीकडे पुसट सावली. खोक्यातली एचडीएमआय केबल लावली तर सावली गेली, पण काळं अक्षर राखाडी झालं. पांढराही मळकट. मला वाटलं, मॉनिटरच खराब. रात्री भाच्याने फोनवरून एकेक सेटिंग उघडायला लावलं आणि सापडलं: कॉम्प्युटर त्याला टीव्ही समजत होता. टीव्हीच्या पद्धतीत काळा ० ऐवजी १६ वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर धरतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘लिमिटेड’चं ‘फुल’ केलं आणि पानावर शाई उतरल्यासारखी झाली. एका क्लिकमध्ये. हे माहीत नसल्यामुळे किती जण चांगले मॉनिटर परत करत असतील!

मग मॉनिटरच्याच मेनूतला शार्पनेस. तो वाढवला की अक्षर ठसठशीत वाटतं खरं, पण त्याच्याभोवती पांढरी कड येते आणि ती कड अनुस्वाराला गिळते. मी तो कमी करत नेला आणि कड दिसेनाशी झाली तिथे थांबले. ब्राइटनेससाठी पडद्याशेजारी कोरा कागद धरला आणि दोघांचा पांढरेपणा सारखा दिसेपर्यंत उतरवत गेले. दिवसा ३५, रात्री २० च्या आसपास. संध्याकाळची डोळ्यांची आग तेवढ्याने थांबली.

विंडोजमधलं क्लिअरटाइपही जुळवलं. त्याचं काम समजून घेतल्यावर, काना स्वच्छ दिसतो मग अनुस्वारच का नाही, या माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. क्लिअरटाइप त्या वेगवेगळ्या वापरून अक्षराची कड साधतं. पट्ट्या उभ्या, म्हणून फायदा होतो तो उभ्या रेघांना. काना सुरेख होतो. शिरोरेखेला आणि तिच्यावरच्या चिन्हांना त्यातून तसं काही मिळत नाही. त्यांना खरे पिक्सेलच हवेत. म्हणून एकच पान असेल तेव्हा मी आता ठरवून १५० टक्क्यांवरच वाचते.

उंचीबद्दल सगळीकडे एकच सल्ला: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. स्टँड बुटका होता, म्हणून खाली लाकडी पाट ठेवला. चार दिवसांत मान धरली. चष्म्याच्या दुकानात सहज बोलले तर त्यांनी सांगितलं की माझ्यासारख्या प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेत) चष्म्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो; पडदा उंच असला की माणूस हनुवटी वर करून बघतो. पाट काढला आणि पडदा थोडा मागे कलता केला. दुसऱ्या आठवड्यापासून मान ठीक.

आणि तो ठिपका.

तिसऱ्या दिवशी एका कादंबरीचं प्रूफ वाचत होते. ‘त्याचा’ वर बारीक अनुस्वार दिसला. वाक्य एका लहान मुलाबद्दल होतं, ‘त्यांचा’ असण्याचं कारणच नाही. काढून टाका अशी खूण केली. पान वर सरकवलं तर ठिपका तिथेच राहिला आणि आता तो ‘घर’ या शब्दावर बसला होता. मी बोट फिरवून पुसायला गेले. धूळ नव्हती. एक पिक्सेल मेलेला, कायमचा काळा. पाव मिलिमीटरहून किंचित मोठा.

दुकानदार म्हणाला, माल तपासून नेला आहात, आता कंपनीशी बोला. कंपनीचा माणूस घरी आला, फोटो काढले आणि अर्ज फेटाळला गेला. मी कारण लेखी मागितलं. वॉरंटीच्या बारीक छपाईत ते होतंच: ठरावीक संख्येपेक्षा कमी पिक्सेल गेले तर तो दोष धरत नाहीत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात पॅनेलचे वर्ग आहेत आणि दुसऱ्या वर्गात दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम काळे चालतात. माझ्याकडे वीस लाख. म्हणजे चार मेले असते तरी पडदा नियमात बसला असता. मी त्या माणसाला ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ दोन्ही लिहून दाखवले. त्याला म्हणणं पटलं, असं तो म्हणाला. पण निर्णय त्याच्या हातात नव्हता. मला अजून वाटतं की स्वस्त मॉनिटर विकताना हा नियम खोक्यावर ठळक छापायला हवा. व्हिडिओ बघणाऱ्याला तो ठिपका जन्मात दिसणार नाही, पण माझ्यासाठी ते एक चिन्ह आहे.

मी पट्टी घेऊन जागा मोजली. डाव्या कडेपासून एकतीस सेंटीमीटर, वरून सात. पीडीएफची दोन पानं लावली की ठिपका उजव्या पानाच्या मजकुरात येत होता. डावं पान आणखी थोडं डावीकडे नेलं, मधली जागा वाढवली आणि उजव्या पानाचा समास बरोबर त्याच्यावर आणला. उजवीकडे टिपणांची पट्टी अरुंद केली. आता कामाला बसताना रोज आधी कोरं पान उघडते, ठिपका समासात आहे ना ते बघते आणि मग पहिली ओळ वाचायला घेते.