पाणी कोण वतायचं?

पीएसएमच्या (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) पोस्टिंगमधला शाळेचा कार्यक्रम म्हणजे आमच्या मेडिकलच्या बॅचला अर्धी सुट्टीच. कॉलेजची बस, चार्ट, साबणाच्या वड्या, फोटो, परत. या वेळी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडची मराठी शाळा होती. चार्ट मात्र कन्नडमधले, आणि बॅचमधले बरेचसे दिल्ली-केरळचे. त्यामुळे बोलायचं मीच, हे बसमध्येच ठरलं.

हात धुणं हा माझा आवडता विषय. सहा पायऱ्या: सरळ, उलटा, मूठ, अंगठा, नखं, मनगट. अंगठ्यापाशी डॉक्टरसुद्धा चुकतात; तो दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा असतो. नखं तळहातावर घासायची, कारण जंतांची अंडी चिकट असतात, मातीतून येऊन नखांखाली बसतात. सॅनिटायझरनं ती मरत नाहीत, घासूनच काढावी लागतात. हे दिसावं म्हणून मी पोरांच्या हाताला तेलात कालवलेली हळद लावली. पिवळं राहिलं म्हणजे घाण राहिली.

नळ कोरडा. "नळ बसलाय, पाणी यायचं तेवढं राहिलंय," हेडमास्तर म्हणाले. याच रस्त्यानं पुढं कणकुंबीला मलप्रभा नदी उगम पावते! शेवटी बादली आणि तांब्या आला.

तिसरीतली एक मुलगी पुढं आली. पिवळ्या हातानं तांब्या उचलला, दुसऱ्या हातावर पाणी घेतलं, साबण लावून सहाही पायऱ्या अगदी नीट केल्या. मग धुवायला तांब्या धरला आणि थांबली. तांब्याच्या गळ्याला तिचीच पिवळी बोटं उमटली होती.

"हे परत लागतंय की ओ. दोनी हात धुवायचे तर पाणी कोण वतायचं?"

ऑपरेशन थिएटरात नळ कोपरानं बंद करायचा, धुतलेला हात नळाला लागता कामा नये, हे मी ज्युनिअरांना ऐटीत सांगतो. इथं मला उत्तर सुचेना. मागून एक पोरगा उठला, तांब्या घेऊन ओतू लागला. "घरात आज्जीला मीच वततोय," म्हणाला. आमच्यातले काहीजण व्हिडिओ काढत होते.

कार्यक्रमानंतरच्या पोस्ट-टेस्टमध्ये 'साबणानं किती वेळ हात चोळावेत?' याला जवळपास सगळ्यांनी 20 सेकंदांवर खूण केली. रिपोर्टात 'ज्ञानात लक्षणीय वाढ' आलं. तांब्याचं मी लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं, फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणून. फॉरमॅट कुणी केला, त्याच्या घरी नळ असणार.

रात्री हॉस्टेलवर हळद, तेल आणि पाण्याचा मग घेऊन बसलो. चार वेळा केलं. चारही वेळा मगाचा दांडा पिवळा. मग रूममेटला हाक मारली.