पार्टीला शेकड्यांनी, मयताला पोस्टमन

लेक अकरावीत आहे आणि तिला इंग्रजीला सध्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ चालू आहे. मी सांगलीत असताना नुसतं नाव ऐकलेलं, नंतर 2013 चा तो सिनेमा बघितला तोही खरं सांगू तर अमिताभ बच्चन आहे म्हणून (येतो आणि जातो). आता निबंधाला मदत मागते म्हणून पुस्तक हातात घेतलं, तर अरेच्चा, हे तर आमच्याच ट्रेनच्या लाईनवर घडतंय की!

आम्ही लिटल नेकला राहतो, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं या लाईनवरचं शेवटचं स्टेशन. पुढचं ग्रेट नेक. पुस्तकाचा लेखक फिट्झगेराल्ड 1922 ते 1924 तिथं भाड्यानं राहायचा, पुस्तकातलं वेस्ट एग म्हणजे तेच, नव्या पैशावाल्यांचं. खाडीपलीकडं सँड्स पॉइंट, ते ईस्ट एग, पिढीजात श्रीमंतांचं. आणि मॅनहॅटनला जाताना मध्ये राखेचे डोंगर लागतात असं लिहिलंय ना, ते पण खरे होते. ब्रुकलिनच्या घराघरांतल्या कोळशाची राख आणून फ्लशिंगच्या दलदलीत टाकायचे. 1939 च्या वर्ल्ड्स फेअरसाठी ते सगळं सपाट केलं, आता तिथं पार्क आहे आणि यूएस ओपन होतं. मी रोज ऑफिसला जाताना तिथून जाते, आणि मला इतकी वर्षं पत्ताच नाही.

गॅट्सबीच्या घरच्या पार्ट्यांची वर्णनं तर विचारू नका. दर शुक्रवारी शहरातून संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या यायच्या आणि सोमवारी त्यांच्याच सालींचा ढीग मागच्या दारानं बाहेर. रस काढायचं मशीन आहे, पण दोनशे संत्र्यांसाठी बटलरनं अंगठ्यानं दोनशे वेळा बटण दाबायचं (सुख म्हणायचं की शिक्षा). बरं हे दारूबंदीच्या काळात हं, तरी दारूचा महापूर. सोमवारी आठ नोकर, त्यात एक जादा माळी, नुसतं आवरायला. आणि यजमान कोण हे निम्म्यांना माहीत नाही, कुणी म्हणे त्यानं खून केलाय, कुणी म्हणे जर्मन हेर आहे, आणि हे सगळं त्याचीच दारू पिऊन. तो स्वतः थेंब घेत नाही, बाजूला उभा राहून बघत असतो, कारण या सगळ्या खटाटोपामागं एकच आशा की पलीकडच्या काठावरची ती, त्याची जुनी प्रेयसी, कधीतरी चुकून पार्टीत येईल.

मला मात्र खरी लागली ती शेवटची पानं. बोलावणं बहुतेकांना नसायचंच, लोक आपले यायचे. आणि माणूस गेल्यावर गोष्ट सांगणारा शेजारी निक बिचारा फोन करकरून बोलावतोय तर कुणी येत नाही. पावसात उभे कोण, तर मिनेसोटाहून आलेले वडील, निक, चार-पाच नोकर, पोस्टमन, आणि एका पार्टीत लायब्ररीतली पुस्तकं खरी आहेत का बघत बसलेला तो चष्मेवाला. त्या घरात मुक्काम ठोकून असलेला क्लिपस्प्रिंगर फोन करतो, पण कशासाठी, तर माझे टेनिसचे बूट तिथं राहिलेत, पाठवून द्या!

आमची आजी म्हणायची, लग्नाला अक्षत आल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला निरोपाची वाट बघू नये. इथं सगळं नेमकं उलटं. लेकीला हे सांगितलं तर तिनं लगेच वहीत लिहून घेतलं आणि मी जरा गप्पच झाले.

कारण न्यू जर्सीत एक काका होते. दर दिवाळीला घरी दणदणीत फराळ, गॅरेजमध्ये मसालेभाताची पातेली, वर दाराशी उभं राहून प्रत्येकाला “डबा आणलाय का, नाहीतर असंच घेऊन जा”. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मैत्रिणीच्या मैत्रिणीबरोबर, बोलावणं नव्हतंच. काकू आधीच गेलेल्या, मुलं कॅलिफोर्नियात, एवढ्या मोठ्या घरात एरवी ते काय करतात हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. गेल्या फेब्रुवारीत ते गेले. ग्रुपवर मेसेज आला, मंगळवारी सकाळी 10 ते 12, फ्युनरल होम. मला प्रेझेंटेशन होतं, आणि गाडीनं दीड तास, पुलावरचं ट्रॅफिक वगैरे. मी “भावपूर्ण श्रद्धांजली” टाइप केलं, हात जोडले, शंभराच्या वर लोकांनी तेच केलं. नंतर कळलं की बारा-तेरा जण आले होते.

त्यांचं एक स्टीलचं पातेलं अजून माझ्याकडं आहे. काठावर काकूंचं नाव कोरलेलं, खाली 1978.

काल लेक किचनमध्येच लॅपटॉप घेऊन बसली होती, निबंधाचा प्रश्न होता क्लिपस्प्रिंगर बुटांचंच का विचारतो, आणि मी नेमकी त्याच पातेल्यात उपम्याचं पाणी उकळत ठेवलेलं. तिचं लक्ष गेलं, “आई, हे नाव कुणाचं?”

म्हटलं, आधी निबंध पूर्ण कर.