‘गोळ्या घेतो ना?’ एवढंच विचारत होते

दादाच्या स्किझोफ्रेनियाचं निदान, दवाखान्यातली भरती, घरी परत येणं, हे सगळं पार पडलं. अडलो ते त्यानंतर. ७ महिने, एकाच जागी.

ओपीडीत दर खेपेला एकच प्रश्न, "गोळ्या घेतो ना?" मी खरं सांगायचे, "नाही, थुंकतो." मग बोलणी मलाच. लक्ष ठेवा, समोर बसून द्या, तोंड उघडायला लावून बघा. सगळं केलं. एकदा गोळी कुटून जेवणात कालवली. त्याला कळलं आणि पुढे आठवडाभर त्याने माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. हे कुणीही करू नका.

घरात त्याच्या सारख्या येरझारा चालायच्या. बसला तरी पाय थांबायचे नाहीत. "फार अस्वस्थ असतो," असं मी सांगितलं, तर केसपेपरवर ‘आजार वाढला’ अशी नोंद झाली आणि त्याच्या आजारावरच्या गोळीचा, हॅलोपेरिडॉलचा, डोस वाढवला. येरझारा आणखी वाढल्या. त्या नोंदीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मग नव्या डॉक्टर आल्या. त्यांनी मला थांबवून दादालाच विचारलं, "गोळी घेतली की तुम्हाला काय होतं?" तो म्हणाला, "आतून कुणीतरी ढकलत राहतं. एका जागी जीव थांबत नाही."

इतक्या महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

याला अकॅथिसिया म्हणतात. हा औषधाचाच दुष्परिणाम, पण वरवर पाहिलं तर आजारच बळावल्यासारखा दिसतो. त्यांनी डोस कमी केला, जोडीला ही तगमग शमवणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं (दमा असेल तर आधी सांगा, ते चालत नाही) आणि दिवसभरात विभागलेल्या गोळ्या रात्री एकदाच घ्यायला सांगितल्या. काही दिवसांनी दादा पूर्ण जेवण होईपर्यंत ताटावर बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

म्हणून येरझारा कधी सुरू झाल्या, डोस कधी बदलला, हे तारखेसह वहीत लिहा. माझ्याकडे वही असती तर महिने वाचले असते.

रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून किंवा ३ महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, त्याबद्दल विचारा. मात्र ते औषध सोसतं की नाही हे आधी गोळ्या देऊन बघतात, कारण एकदा टोचलं की परत काढता येत नाही. दादाने इंजेक्शन नको म्हटलं. आठवड्याची डबी तो स्वतःच भरतो.

आणि हो, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणून ठेवा.